तांडेलबाईंची भिशी

थुंकी या विषयावर मी तासभर बोलू शकते, आणि म्हणूनच लग्नाच्या पंगतीत मला कोणी शेजारी बसवून घेत नाही. सगळी नोकरी मी परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढली. थुंकी काचपट्टीवर पसरायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. निळ्या रंगात लाल काड्या दिसल्या तर माणसाला क्षय आहे. नाही दिसल्या तर पुन्हा बघायचं. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो, गोड बोलता येत नाही. तेव्हा डॉ. जानकी तांडेल यांच्याविषयी मी गोड लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्यांनाही ते खपलं नसतं.

छातीच्या विभागात सगळे दोन गोष्टींना घाबरायचे. एक रक्ताची गुळणी आणि दुसरा तांडेलबाईंचा आवाज. बाई शीव कोळीवाड्याच्या. आई दादरच्या बाजारात मासळी विकायची आणि मुलगी डॉक्टर झाल्यावरही विकतच राहिली. एकदा एक शहाणे डॉक्टर म्हणाले, "आता तरी आईला घरी बसवा." बाई म्हणाल्या, "बसवते की. उद्यापासून तिच्या पाटीवर तुम्ही बसा. फक्त भाव कमी करू नका, ती मला मारेल." ते डॉक्टर पुढे बरेच दिवस आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत.

बुटक्या, काळ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. अंबाड्यात रोज फूल, दाढेखाली लवंग. राग आला की लवंग या गालातून त्या गालात जायची, आणि ती सरकलेली दिसली की शहाणी माणसं उठून कामाला लागायची. माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, वस्तीच्या नावाने मारत. मी गिरगावची, म्हणून मी 'गिरगाव'. "ए गिरगाव, काल दिलेल्या बाटल्या बघितल्यास का अजून कुंकू लावतेयस?" लग्न होऊन मी मुलुंडला राहायला गेले तरी मी गिरगावच राहिले.

मला त्यांचा राग यायचा हे खरं आहे. पण त्या रजेवर असल्या की विभाग ओसाड वाटायचा, हेही खरं आहे.

तेव्हा क्षयाचं जुनं औषध म्हणजे वनवास होता. पांढऱ्या गोळ्या आणि सुया, वर्ष-दीड वर्ष. नवं औषध नुकतं आलं होतं. त्यात एक लाल कॅप्सूल होती, ती महाग होती, पण सहा महिन्यांत काम आटपत होतं. ते आपल्याकडच्या माणसांना किती लागू पडतं हे तपासायचा अभ्यास आमच्या विभागात सुरू झाला. निम्म्या रोग्यांना जुनं औषध, निम्म्यांना नवं. कोणाला कुठलं, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. नवं औषध बाहेर परवडण्यासारखं नव्हतं, त्यामुळे गरिबाला ते मिळायची वाट या अभ्यासातूनच जात होती.

अभ्यासाचे प्रमुख म्हणजे आमचे मोठे सर. दादरचे, अतिशय सभ्य, शुद्ध बोलणारे. पहिल्याच बैठकीत त्यांनी नियम वाचले. त्यात एक नियम होता की ज्याचा मुंबईत कायमचा पत्ता नाही त्याला घ्यायचं नाही.

बाईंची लवंग सरकली.

आता गिरणगावात निम्मी माणसं राहायची ती गावाच्या खोलीत. म्हणजे मालवणकडच्या एखाद्या गावाने मिळून चाळीत एक खोली घेतलेली असायची आणि त्या गावचे सगळे गिरणी कामगार तिच्यात पाळीपाळीने झोपायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या वळकट्यांवर आडवी. भाडं गावाच्या नावावर, बायका-मुलं कोकणात. यांतल्या कोणाकडे कायमच्या पत्त्याचा कागद असणार?

"सर," बाई म्हणाल्या, "क्षय सगळ्यात जास्त कोणाला होतोय?"

"त्याच लोकांना. पण तांडेल, ते टिकत नाहीत. मधेच गावाला जातात. अभ्यास कोसळतो."

"मग औषध कोणावर बघणार? दादरच्या हेडक्लार्कवर? त्याला दूध-अंडी आहेत, भरपगारी रजा आहे. तो ताकाने पण बरा होईल! उद्या हेच औषध लालबागला वाटाल, आणि नाही चाललं की म्हणाल, तिथली माणसंच वाईट."

"तुम्ही जबाबदारी घेता?" सरांनी विचारलं.

"घेते," बाई म्हणाल्या, आणि पत्त्याचा नियम तेवढ्यापुरता बाजूला राहिला. ही जबाबदारी पुढे काय वसूल करणार आहे हे तेव्हा कोणालाच कळलं नाही.

बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे दवाखाना इस्पितळातून बाहेर नेला. आमची ओपीडी सकाळी, आणि सकाळी कामगार गिरणीत. "तुमची वेळ भोंग्याला विचारून ठरवलीत काय?" असं ओरडून त्यांनी लालबागच्या एका व्यायामशाळेत संध्याकाळचं टेबल लावलं. पहिली पाळी सुटायची तेव्हा आम्ही मुद्गल आणि मलखांबाच्या मधे बाटल्या मांडून तयार असायचो. माझा संसार आधीच तारेवरची कसरत, त्यात ही संध्याकाळ. मी कुरकुर केली. "गिरगाव, तुझा नवरा भात लावेल. हे लोक परत येणार नाहीत," एवढंच उत्तर मिळालं. नवऱ्याने खरंच भात लावला, करपवला, पण लावला.

औषध घ्यायला येणं थांबवलेल्या रोग्याला आमच्याकडे 'सुटलेला' म्हणायची पद्धत होती. बाईंनी तो शब्द बंद केला. "तो सुटला नाही, आपण सोडला. कोणी सोडला त्याचं नाव सांगा," म्हणायच्या. कोणी आलं नाही की दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चाळीचे जिने चढत. खोलीत गेल्यावर चहा घेत तो रोग्याच्याच कपातून, सगळ्यांसमोर. कारण खोलीतल्यांनी रोग्याचा कप वेगळा काढून मोरीजवळ ठेवलेला असे आणि त्या लाजेनेच माणूस औषधाला येईनासा होई. "कपाने होत नाही रे, मेल्यांनो! खोकताना तोंडावर फडका धरा." चहा पिऊन झाला की कप खंगाळून इतरांच्या कपांत ठेवून द्यायच्या. मी बरोबर असले की मला घाम फुटायचा, कारण पुढचा कप माझ्यासाठी यायचा.

अभ्यासात यायचं की नाही हे माणसाने समजून-उमजून ठरवायचं असतं. त्यासाठी इस्पितळाने छापून दिलेला मजकूर मला वाचून कळला नाही, तर विणकर खात्यातल्या माणसाला काय कळणार? बाईंनी तो बाजूला ठेवला आणि तोंडाने सांगायला सुरुवात केली. नवं-जुनं सगळ्यांना कळलं. अडलं ते चिठ्ठीवर. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टर का ठरवत नाही, नशिबावर का सोडता, हे काही केल्या पटेना. तेव्हा बाईंना एक दिवस सुचलं.

"भिशी लावता ना रे तुम्ही? तिथे चिठ्ठी कोण काढतं? पोरगं काढतं, डोळे मिटून. मग कोणी भांडतो का, की तुलाच का लागली? तशीच ही चिठ्ठी."

एकदम सगळ्यांच्या माना डोलल्या. त्या दिवसापासून व्यायामशाळेबाहेर रांग लागायला लागली. मोठे सर एकदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एक टेबल जास्तीचं पाठवलं. बाई त्या दिवसांत गुणगुणायच्या. त्यांचा गळा भयंकर होता.

त्या रांगेत एका खोलीतले दोघे होते. दत्ताराम आणि बाळा, एकाच वाडीतले. दत्ताराम संसारी माणूस, कमी बोलणारा. बाळाची मिसरूड नुकती जाड झालेली, वडील नाहीत, गावाला आई एकटी. दत्तारामच्या चिठ्ठीत नवं औषध निघालं, बाळाच्या चिठ्ठीत जुनं. बाळा हसून म्हणाला, "काय हरकत नाय बाई, दत्तादाक लागली म्हंजे आमच्या खोलयेकच लागली." बाईंनाही हे ऐकून बरं वाटलं. मीही तिथेच बसले होते आणि मलाही बरं वाटलं.

मग संप आला.

भोंगे बंद झाले. पंधरा दिवसांत मिटेल, असं जो तो म्हणत होता. पाळीवर चालणाऱ्या त्या खोल्यांत आता तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच वेळी घरी. पाठ टेकायला जागा नाही, खिशात पैसा नाही, खानावळींच्या चुली थंडावलेल्या. जी माणसं आळीपाळीने एकमेकांच्या वळकटीवर झोपत ती आता रात्रभर एकमेकांच्या तोंडावर खोकत होती. नाक्यानाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या असायच्या, आणि संध्याकाळी मी बाटल्यांची पेटी छातीशी धरून भराभर चालायचे. कोण कुठून दगड मारेल, कोण कोणाला उचलून नेईल, काही नेम नव्हता.

माणसं गावाला जायला लागली. सर म्हणाले होते तसंच झालं म्हणायचं, पण तसं झालं नाही. गावी निघालेला माणूस आधी व्यायामशाळेत येऊन औषध बांधून नेत होता आणि ठरल्या दिवशी परतत होता. "बघा, टिकतात की नाही!" बाई सरांना सांगत. आवाज एवढा मोठा की वॉर्डातले रोगी दचकून उठून बसत.

गोळ्या घेतल्या की नाही हे कळायला आम्ही रोग्यांची लघवीही तपासायचो. त्या लाल कॅप्सूलचा एक गुण आहे. ती घेतली की लघवी तांबडी-केशरी होते, डोळ्यांना दिसते, तपासायचीही गरज नाही. एका संध्याकाळी मी बाटल्या ओळीने लावल्या आणि बाळाची बाटली हातात घेतली. लघवी तांबडी होती.

बाळा जुन्या औषधावर होता.

दत्तारामची उचलली. पिवळी. नवं औषध रोज खाणाऱ्या माणसाची लघवी पिवळी कशी? आधी वाटलं चिकटपट्ट्यांची अदलाबदल झाली. मग मी पुढच्या फेरीपर्यंत गप्प राहिले. पुढच्या फेरीला दत्तारामची तांबडी आणि बाळाची पिवळी. त्यातच बाळाची थुंकी मी काचेवर घेतली. मधे कमी होत आलेल्या लाल काड्या पुन्हा दाट झाल्या होत्या. औषध चालू असताना काड्या वाढतात याचा अर्थ एकच. जंतू औषधाला निर्ढावायला लागले होते.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल."

चाळीचा जिना चढताना खाली शिट्या आणि पळापळ ऐकू येत होती. खोलीत बसायला जागा नव्हती. भिंतीला पेट्या, पेट्यांवर माणसं. मधे खोलीचा कारभार बघणारे भिवाकाका, म्हातारे, कानात बिडी. दत्ताराम आणि बाळा आम्हाला बघून उभे राहिले, आणि मला कळलं की यांना आम्ही का आलो ते माहीत आहे.

"कॅप्सूल कोण खातंय?" बाईंनी विचारलं.

खाली एक बाटली फुटल्याचा आवाज झाला.

"मी काय विचारलं? मरायचंय का दोघांना? अर्धं-अर्धं औषध खाल्लं की रोग पण जात नाही आणि औषध पण जातं! कोणी सांगितला हा शहाणपणा? दत्ताराम! थोबाड आहे का नाही?"

"तेका कित्याक वराडतास?" भिवाकाका शांतपणे म्हणाले. "मीच सांगितलंय तेंका. आज तुजी, उद्या तेची. बाई, भिशी म्हणालात ना तुमी? भिशीत पयली चिठी एकाची निघता, मगे दुसऱ्याची. सगळ्यांक मिळता. एकटोच खातलो आणि दुसरो बघीत रवतलो, अशी भिशी आमच्या गावात नाय. एका घरात दोन पंगती कशे बसतले?"

बाई खाली बसल्या. कोणाच्या तरी वळकटीवर, धपकन. मग म्हणाल्या, "खरं आहे, काका. मी चुकीची सांगितली. ह्या भिशीत चिठ्ठी एकदाच निघते. ज्याला लागली त्याला लागली."

"अशी कसली भिशी?" भिवाकाकांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते.

जिन्यात पहिल्या वळणावर मी थांबले. आमच्या नियमांत एक कलम होतं. जुनं औषध नीट घेऊनही ज्याचा रोग हटत नाही त्याला ताबडतोब, फुकट, नवं औषध द्यायचं. पण ज्याने औषधात गडबड केली तो अभ्यासाबाहेर. बाळाच्या थुंकीत काड्या वाढल्याचं मी लिहिणारच होते. लघवीचं तेवढं लिहिलं नाही, तर त्याला या आठवड्यातच वॉर्डात खाट आणि रोज अख्खी कॅप्सूल मिळणार होती.

"बाई," मी म्हटलं, "लघवीचं मी अजून कुठे लिहिलेलं नाही."

त्यांना लगेच कळलं. लवंग या गालातून त्या गालात गेली, पुन्हा परत आली. खालून कोणीतरी धावत वर आलं आणि आम्हाला ढकलून पुढे गेलं.

"लिही," त्या म्हणाल्या.

"बाई, पोरगा—"

"मला कळतं पोरगा! ही भिशी मी शंभर जणांना सांगितलीय, गिरगाव. प्रत्येक खोलीत हेच चाललं असेल. आज आपण झाकलं तर ते सगळे असेच वाटून खात राहतील, आणि आपण लिहिणार जुनं औषध वाईट, नवं पण वाईट. मग उद्या कोणाला काय देणार? तू लिही. खरं लिही. बाळासाठी मी भांडते."

मी लिहिलं. आणि त्या भांडल्या.

सर ओरडले नाहीत, सर कधीच ओरडत नसत. "चूक त्यांची की तुमची?" एवढंच त्यांनी विचारलं. "माझी," बाई म्हणाल्या. त्यांनी मागणी केली की यापुढे माणसागणिक चिठ्ठी नको, खोलीगणिक काढा. एका खोलीला एकच औषध, म्हणजे वाटायचा प्रश्नच नाही. सरांना ते पटलं, स्पष्ट दिसत होतं. पण असा बदल करायला वरच्या समितीची परवानगी हवी होती. "तोवर दत्तारामला मी ठेवू शकतो, त्याची चिठ्ठी नव्याची आहे. बाळाला नाही. परवानगी आल्याशिवाय त्याला अभ्यासातली एकही कॅप्सूल देणं माझ्या हातात नाही, तांडेल."

"मग मला पण काढा बाहेर!" बाई किंचाळल्या. सरांनी त्याच दिवशी समितीला तार केली. ते काही वाईट नव्हते, हे मला इथे सांगितलंच पाहिजे.

बातमी आमच्या आधी खोलीवर पोचली, अर्धीमुर्धी आणि वाकडीतिकडी. दोघांतल्या एकालाच औषध मिळणार, दुसरा राहिला तर दोघांचं बंद होणार, अशी. बाळाने ते ऐकलं आणि कोणाला न सांगता तो एसटीने गावाला निघून गेला, दत्तारामच्या वाटेत आपण नको म्हणून.

हे सांगायला दत्ताराम आला. बाईंनी त्याच्या तळहातावर लाल कॅप्सूल ठेवली. तो हलेना.

"तो थयसर मरता आणि मी हयसर एकटो गिळू? कसा गिळू, बाई?"

"अख्खी गिळ," बाई म्हणाल्या. "अर्धं खाऊन दोघं मराल. त्याचं मी बघते. तू माझ्यासमोर गिळ."

तो उभा राहून रडला. मोठा बाप्या माणूस, व्यायामशाळेच्या मधोमध. मग त्याने ती गिळली. पुढे रोज तो येई, बाईंच्या डोळ्यांसमोर गिळे आणि एक शब्द न बोलता निघून जाई.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर एक खाकी पाकीट होतं. औषध कंपनीचा माणूस सरांना लाल कॅप्सूलचे नमुने देऊन जायचा, ते सगळे सरांनी आपल्या खणातून काढून ठेवले होते. सर त्याबद्दल बोलले नाहीत, बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी पदराला डोळे पुसले, मी बघतेय हे बघून मला एक काम सांगितलं आणि त्या संध्याकाळच्या एसटीने कोकणात गेल्या.

तिथलं मला त्यांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. बाळा ओसरीवर बसला होता, फार उतरलेला. बाईंना बघून उठायला गेला आणि खोकला. फडक्यावर रक्त. बाईंनी त्याला कॅप्सूल भरवली, आईला सगळं समजावलं, पाकीट तिच्या हातात दिलं. मग मिनतवाऱ्या केल्या. आत्ता माझ्याबरोबर चल, वॉर्डात ठेवते, भांडते, खाट मिळवते. दत्तारामचं औषध बंद होणार नाही, शपथ घेते. आई दारात उभी राहून ऐकत होती.

बाळा म्हणाला, "हयसर निदान पेज तरी मिळता. मुंबैत मी खोलयेवर भार. संप मिटलो की येतंय, बाई."

बाई एकट्या परत आल्या. दोन-तीन आठवड्यांनी समितीची परवानगी आली. खोलीला एकच चिठ्ठी, आणि बाळाला नवं औषध. बाईंनी तो कागद वाचला, घडी केली, आणि त्याच दिवशी त्याला पत्र टाकलं. उत्तर घेऊन भिवाकाका आले. व्यायामशाळेच्या उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. बाळाला रक्ताची मोठी गुळणी झाली होती. घरातून रस्त्यापर्यंत न्यायलाही वेळ मिळाला नव्हता.

बाईंनी त्या संध्याकाळचे सगळे रोगी तपासले. एकावरही आवाज चढला नाही. ते ऐकवत नव्हतं.

त्या संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो कोणी मागे घेतल्याचं आजवर ऐकलेलं नाही.

बाकी खोल्यांतही वाटण्या निघाल्या. बाई एकेका खोलीत गेल्या, भिशी परत घेतली आणि नवीन सांगितली. एका खोलीची एक चिठ्ठी, काढणार खोलीचा कारभारी. ही सगळ्यांना समजली, कारण हिच्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. अभ्यास पुरा झाला. गिरणगावातली माणसं त्यात शेवटपर्यंत राहिली, उपाशी होती तरी राहिली. दत्ताराम बरा झाला. त्याची शेवटची थुंकी मी पुन्हा पुन्हा बघितली, एकही काडी नव्हती. त्याला ते सांगितलं तेव्हा तो बरं म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

बाईंच्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मी त्यांना भेटायला शीवला गेले. गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. ओट्यावर परात घेऊन कोळंबी सोलत बसल्या होत्या. "आलीस? गिरगावकरणीला सोलता येत नसेल, बस नुसती." इकडचं तिकडचं बोललो. त्यांना आता परिषदांना बोलवत असत. गरीब वस्त्यांतली माणसं अशा अभ्यासात आणायची कशी आणि टिकवायची कशी यावर तरुण डॉक्टर त्यांना भाषण करायला लावत आणि शेवटी टाळ्या वाजवत. हे त्यांनी सांगितलं ते कौतुक म्हणून नव्हे, तक्रार म्हणून.

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "गिरगाव, त्या दिवशी आपण खोटं लिहिलं असतं, तर पोरगा जगला असता ना गं?"

हा प्रश्न त्यांनी सरांना विचारला होता, आणखी बऱ्याच जणांना विचारला होता, हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनी घाईघाईने नाही म्हटलं होतं. मलाही म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी आयुष्यभर काचेवर जे दिसलं ते सांगितलं, आणि समोर बसलेल्या बाईनेच मला खरं लिही म्हणून सांगितलं होतं.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक जगला असता."

त्यांचे हात थांबले. मला रडू येत होतं, त्यांना येत नव्हतं.

"आणि तरी पण मी तुला तेच लिहायला सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "हे मी त्याच्या आईला सांगायला पाहिजे होतं. मी गावी गेले तेव्हा ती मला एका शब्दाने बोलली नाही गं. बसायला पाट दिला, निघताना नारळ दिला. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या."

त्यांनी पुढची कोळंबी उचलली आणि सोलायला लागल्या.